रोजच्या वापरासाठी ट्रेल स्नीकर्स: निवडण्यापासून टिकवण्यापर्यंत

ट्रेल रनिंगचे बूट बनले ते पायवाटांवर पळणाऱ्यांसाठी. दगडधोंडे, चिखल, झाडांची मुळं हे त्यांचं मैदान. आता ते कॉलेजच्या कट्ट्यावर आणि आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्येही सर्रास दिसतात. फ्रान्समधल्या आन्सीची सालोमन ही 1947 सालची कंपनी. तिचा एक्सटी-6 हा 2013 साली लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींसाठी आलेला बूट, पण आज तो डोंगरापेक्षा फुटपाथवर जास्त चालतो. 2023 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, गायिका रिहानाच्या पायात सालोमनचाच लाल जोड होता, त्यानंतर तर विचारायलाच नको.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींना यात फार नवल वाटणार नाही. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज रविवारी गडावर आणि सोमवारी ऑफिसात घालणारी माणसं आपल्याकडे फॅशनच्या कितीतरी आधीपासून आहेत. फरक इतकाच, की तेव्हा त्याला स्टाइल म्हणत नसत, काटकसर म्हणत.

पण डोंगरात उत्तम असलेला बूट शहरातही उत्तम ठरेलच असं नाही. काही बाबतीत तर उलटंच होतं. म्हणून घेताना ट्रेल बुटाचे कोणते गुण घ्यायचे आणि कोणते दुकानातच सोडायचे, हे आधी ठरवलेलं बरं.

पायरी 1: बूट बघण्याआधी आपला दिवस बघा

कागद घ्या, नाहीतर मनातल्या मनात उजळणी करा. सकाळी घरातून निघाल्यापासून रात्री परत येईपर्यंत पाय कशाकशावर पडतो? डांबर, पेव्हर ब्लॉक, स्टेशनचा जिना, ऑफिसातल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, सोसायटीच्या पार्किंगमधला ओला काँक्रीटचा उतार. बहुतेकांच्या यादीत माती जवळजवळ नसतेच.

मग वाहन. गिअरची मोटरसायकल चालवत असाल, तर डाव्या बुटाचा वरचा भाग चवड्यापाशी आधी झिजतो, काळा पडतो आणि शेवटी फाटतो. ट्रेल बुटांना पुढे रबराची टोपी असते, ती इथे कामी येते. मात्र ती किती मागपर्यंत येते ते बघा, कारण लिव्हर बोटांच्या टोकावर नाही, थोडी मागे घासते. शिवाय पुढचा भाग फार जाड असेल तर बूट लिव्हरखाली जातच नाही. कार चालवणाऱ्यांची अडचण वेगळी. बाजूंना पसरलेला रुंद सोल एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटरला लागू शकतो, आणि जाड फोममधून क्लचचा अंदाज येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याकडची खास: बूट दिवसातून किती वेळा काढावे लागतात? कोणाच्या घरी, देवळात, कधी दवाखान्यातही. परदेशी परीक्षणांत या मुद्द्याला कुणी विचारत नाही. ज्यांना दिवसातून पाच-सहा वेळा बूट काढ-घाल करावी लागते, त्यांनी टाचेमागे बोट अडकवायला पट्टी असलेला आणि तोंड पुरेसं उघडणारा बूट घ्यावा. सालोमनची ओढून घट्ट करायची केव्हलारची बारीक नाडी इथे फार सोयीची. बटण दाबलं की सैल, ओढली की घट्ट. पण ती तुटली तर कोपऱ्यावरच्या मोच्याकडे मिळत नाही, वेगळं किट मागवावं लागतं.

पायरी 2: सोल उलटा करून नीट बघा

सगळा खेळ इथे आहे. दुकानात शंभरातले नव्वद जण बूट समोरून आणि बाजूने बघतात. तुम्ही आधी उलटा करा.

सोलवर जे खुट्टे असतात, त्यांना आपण दात म्हणू. चिखलासाठी बनवलेल्या बुटांचे दात 5 ते 6 मिमी, कधी त्याहून खोल आणि एकमेकांपासून लांब असतात. ते मातीत रुततात, मध्ये अडकलेला चिखल पुढच्या पावलाला झटकला जातो. पण टाइलमध्ये दात रुतणार कुठे? तिथे पकड मिळते ती केवळ रबर फरशीला जितकं टेकतं तितक्यावर. विरळ, खोल दातांच्या सोलचा फरशीला टेकणारा भाग कमी, त्यात रबर कडक असेल तर ओल्या टाइलवर पाय सटकतोच. पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर दणकट दिसणारे बूट घातलेला माणूस कठड्याला धरून का उतरतो, त्याचं कारण हे. शिवाय डांबरावर हेच उंच दात भराभर झिजतात, आणि मधल्या फटींमध्ये अडकलेले खडे घरच्या फरशीवर चरे पाडतात.

म्हणून शहरासाठी 3 ते 4 मिमीचे, जवळजवळ बसवलेले, माथ्यावर सपाट असलेले दात घ्या. असे बूट पावसाळी सहलीत मातीच्या वाटेवरही बऱ्यापैकी चालतात.

आता रबर. अंगठ्याचं नख दातावर दाबा. नख किंचित रुतलं आणि खूण लगेच भरून आली, तर रबर मऊ आहे. नख घसरलं, पृष्ठभाग चकाकता असला आणि वाजवल्यावर टकटक आवाज आला, तर ते कडक प्लॅस्टिकच्या जातीचं काहीतरी आहे. ते वर्षानुवर्षं टिकेल, पण ओल्यात दगा देईल. मग बूट हातात घालून, दुकानाच्या फरशीवर टेकवून, वजन टाकून पुढे ढकला. अडखळत, कचकचत सरकला तर चांगलं, गुळगुळीत वाहत गेला तर परत ठेवा. दुकानदार हसला तर हसू दे. त्याची हरकत नसेल तर फरशीवर बाटलीतले चार थेंब टाकून पुन्हा करा.

बऱ्याच महाग बुटांच्या सोलवर पिवळा अष्टकोनी शिक्का दिसतो, तो व्हिब्रमचा. 1935 साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा जीव गेला. त्यांचे त्या काळचे बूट हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. त्यांच्यासोबत असलेल्या विताले ब्रामानी यांनी मग रबरी सोलवर काम केलं आणि 1937 मध्ये ‘कारार्माटो’ हा खोल दातांचा सोल आणला. आजच्या बहुतेक डोंगरी सोलचं नातं त्याच नक्षीशी लागतं. पण शिक्का आहे म्हणजे पकड आलीच, असं समजू नका. व्हिब्रम वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी रबरं बनवते. ओल्या दगडावरच्या पकडीसाठी नाव आहे ते मेगाग्रिपचं. लेबलवर तो शब्द आहे का ते वाचा.

स्वस्तातल्या ‘ट्रेल लूक’ बुटांत बऱ्याचदा पूर्ण सोल फोमचाच असतो आणि वरून रबराचे दोन-चार तुकडे चिकटवलेले असतात. असे बूट हलके असतात, रोज थोडं चालणाऱ्याला पुरतात. निदान टाचेची बाहेरची कड आणि चवड्याखालचा भाग या दोन जागी रबर हवंच. जुना जोड उलटून बघा, बहुधा तिथेच झिजलेला असेल.

पायरी 3: मधला थर आणि डब्यावरची तारीख

मिडसोलबद्दल, म्हणजे सोल आणि पाय यांमधल्या फोमच्या थराबद्दल बोलताना सगळे मऊपणावर बोलतात. होका ही 2009 मध्ये आन्सीतच सालोमनच्या दोन माजी माणसांनी सुरू केलेली कंपनी. तिने जाडजूड फोमची चाल रूढ केली, आणि दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना ती खरंच आवडते. पण बूट जितका उंच, तितका खड्ड्यात किंवा फुटपाथच्या तुटक्या कडेवर घोटा मुरगळायची शक्यता जास्त. आपले फुटपाथ माहीत आहेतच. मध्यम जाडी घ्या.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. नेहमीच्या स्नीकरची सवय असेल तर 6 ते 10 मिमी ड्रॉप सोयीचा. आल्ट्रा या कंपनीच्या शून्य ड्रॉपवर एकदम उडी मारली तर पोटऱ्या आठवडाभर बोंब मारतील.

याहून महत्त्वाचं म्हणजे फोम कुठला आहे. मिडसोल बहुधा ईव्हीए या हलक्या फोमचा असतो किंवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. पीयू टिकाऊ, पण हवेतल्या दमटपणाने त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटत जाते, वापरला नाही तरी. कपाटात जपून ठेवलेला ट्रेकिंगचा बूट तीन-चार वर्षांनी बाहेर काढला आणि पहिल्याच चढावर सोल भुगा होऊन गळून पडला, हे कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपला माहीत असलेलं दृश्य. कोकण-मुंबईच्या हवेत हे लवकर होतं. ईव्हीए चपटा होतो, पण असा विरघळत नाही.

म्हणून डब्यावरच्या स्टिकरवर एमआरपीच्या आसपास उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. साठ-सत्तर टक्के सवलतीत मिळणारा जोड तीन वर्षांपूर्वीचा असेल आणि मिडसोल पीयूचा असेल, तर ती सवलत कशाची आहे हे ओळखा.

पायरी 4: जाळी की वॉटरप्रूफ?

महाराष्ट्रात आणि गोव्यात राहत असाल तर माझं मत सरळ आहे: जाळीचा घ्या.

वॉटरप्रूफ बुटांत बहुधा असणाऱ्या गोअर-टेक्स या पडद्याचा शोध 1969 चा, बॉब गोअर यांचा. ताणलेल्या पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) त्या पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान आणि वाफेच्या कणापेक्षा खूप मोठी असतात. बाहेरचं पाणी आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला आत आणि बाहेर यांत फरक लागतो: आत गरम-दमट, बाहेर थंड-कोरडं. जुलैत ठाण्यात किंवा रत्नागिरीत बाहेरची हवाच घामेजलेली असते. वाफ जाणार कुठे? पाय आतल्या आत ओला होतो. त्यात आपला पाऊस शिंतोड्यांचा नाही. घोट्याइतक्या पाण्यातून जावं लागतं, पाणी वरून बुटात शिरतं, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तोच आता ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण चालता चालता निथळतो आणि रात्रीतून बराच वाळतो.

लंडन, म्युनिक किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र हे उलटं वाचावं. तिथल्या थंड रिमझिमीत आणि वितळत्या बर्फात वॉटरप्रूफ जोड पैसे वसूल करतो.

जाळीतही फरक असतो. फार मोकळ्या जाळीतून रस्त्यावरची धूळ थेट मोज्यात जाते. दुहेरी, घट्ट विणीची जाळी बघा. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असेल तर खडे-माती आत येत नाहीत, हा ट्रेल बुटाचा शहरातही उपयोगी पडणारा गुण.

पायरी 5: माप

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे घालणार तेच घाला. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा (बसून नाही, उभं राहिल्यावर पाय पसरतो), पेन्सिल उभी धरून सर्वात लांब बोटापुढे खूण करा. अंगठाच लांब असतो असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा.

या लांबीत साधारण 8 ते 12 मिमी मोकळीक धरून बूट निवडा. आपल्याकडे डब्यावर यूके नंबर मोठा छापलेला असतो. यूकेचा एक नंबर म्हणजे सुमारे 8.5 मिमी, युरोपीय एक नंबर म्हणजे सुमारे 6.7 मिमी, त्यामुळे दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत आणि प्रत्येक कंपनी आपल्या परीने जुळवून घेते. ‘मला आठ नंबर लागतो’ हे एका कंपनीपुरतं खरं असतं. डब्यावरचं सेंटिमीटरमधलं माप मिळालं तर त्यावर जास्त भरवसा ठेवा.

रुंदीचा प्रश्न आपल्याला जास्त पडतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय मोजले, भारतीयांसाठी स्वतंत्र माप ठरवायला. त्यात आपले पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. म्हणून करंगळी दाबली जाते, मग आपण एक नंबर मोठा घेतो, मग टाच सुटते आणि फोड येतो. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही. सालोमनचे बरेच बूट अरुंद असतात. रुंद पायवाल्यांनी 2ई किंवा ‘वाइड’ लिहिलेला जोड शोधावा.

पायरी 6: दुकानात दहा मिनिटं

दोन्ही पायांत घाला, लेस पूर्ण बांधा. टाच मागे ठोकून बसवा, मग बांधा. जिना असेल तर चढा-उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली तर नाही चालणार. चढताना टाच बुटातून उचलली जाते का बघा, थोडी चालेल, घासणारी नाही. सर्वांत वरचं जादा भोक असेल तर लेस त्याच बाजूच्या भोकातून घालून छोटा फास करा, समोरची लेस त्यातून ओवा आणि ओढा. टाच जागेवर बसते. नवा बूट आज चावत असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. चामडं सैल होतं, कृत्रिम जाळी आणि प्लॅस्टिकचे थर फारसे होत नाहीत.

ऑनलाइन घेणार असाल तर परतीची मुदत संपेपर्यंत घरातल्या फरशीवरच घालून फिरा.

किमतीचं थोडक्यात: 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग जोडावर 18 टक्के. कमी बजेटमध्ये डेकॅथलॉनचे क्वेचुआ किंवा ॲक्शनसारखे देशी जोड आधी बघा. नामांकित परदेशी मॉडेल निम्म्याहून कमी भावात दिसलं, तर ते बहुधा नक्कल आहे. नकलेत वरचं रूप हुबेहूब असतं, सोलचं रबर नसतं, आणि आपण तर सोलसाठीच घेतोय.

पायरी 7: कशावर घालायचे

बूट अवजड दिसतात, म्हणून खालून फार चिकटलेली पँट नको, पाय काडीसारखे दिसतात. सरळ किंवा किंचित ढगळ पँट, कार्गो, जाड सुती पँट छान दिसते. सरळ कटाच्या जीन्सवर खादीचा आखूड कुर्ता आणि मातकट रंगाचे ट्रेल स्नीकर्स हे मला स्वतःला फार आवडतं. औपचारिक ऑफिसात काळा किंवा गडद करडा जोड खपून जातो, निऑन पट्टेवाला नाही. रंग निवडताना आपली माती आठवा. कोकणातली जांभ्याची तांबडी माती पांढऱ्या मिडसोलमध्ये अशी बसते की घासून जात नाही. खाकी, करडा, ऑलिव्ह हे रंग तिला पोटात घेतात.

पायरी 8: पावसाळ्यातली निगा

घरी आल्यावर सोलच्या फटीतला चिखल ओला असतानाच जुन्या टूथब्रशने काढा. वाळला की दुप्पट मेहनत. इनसोल उपसून वेगळा वाळत घाला. हे न करता बूट दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी आत ओल राहते, आणि वास तिथूनच सुरू होतो. लेस ढिली करून जीभ पूर्ण बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे ठासा, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे भरा. पंखा पुरे. कडक ऊन, हीटर, गॅसशेजारची जागा यांनी सोलचा डिंक सैल होतो. वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नको. जून ते सप्टेंबर शक्य असेल तर दोन जोड आलटून-पालटून वापरा, रोज ओला बूट घालण्यातून बुरशी पायालाच धरते.

बूट व्हरांड्यात ठेवत असाल तर सकाळी उलटे आपटून मगच पाय घाला. कोकणातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही.

सोल सुटायला लागला की आपल्याकडचा रामबाण म्हणजे मोची. पण ट्रेल बूट डोळे झाकून शिवायला देऊ नका. सोलचं रबर कडेने वर चढून वाटीसारखं बुटाच्या वरच्या भागाला धरून असेल, तरच कडेची शिलाई टिकते: मोची आरीने भोक पाडतो, मेणलेला नायलॉनचा दोरा आतून-बाहेरून ओढतो, आणि टाका रबरातल्या खाचेत बसतो. नुसत्या मऊ फोमची कड असेल तर तोच दोरा महिनाभरात फोम कापून काढतो. तिथे चिकटवणंच बरं: जुना डिंक घासून काढायचा, दोन्ही बाजूंना रबर सोल्यूशन लावून थोडं सुकू द्यायचं, मग दाबून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. शिलाई केलेल्या जागेतून पाणी आत येणार, हेही गृहीत धरा.

ट्रेकलाही हेच चालतील का?

सिंहगडाच्या पायवाटेसारख्या रुळलेल्या वाटेला, कोरड्या दिवसांत, हो. पण वर्षभर डांबरावर घासलेल्या सोलचे दात चवड्याखाली सपाट झालेले असतात, आणि पावसात शेवाळलेल्या काळ्या कातळावर असा जोड धोक्याचा. नियमित ट्रेक करणाऱ्यांनी डोंगराचा जोड वेगळा ठेवावा आणि तो डांबरावर कमीत कमी घालावा. निघायच्या आदल्या दिवशी चवड्याखालच्या दातांवर बोट फिरवा. कडा हाताला लागत नसतील तर तो जोड आता भाजी आणायला.